एआर, हेडसेट आणि बदलती करमणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआरबद्दल विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना हे सगळं थोतांड वाटतं, तर काहींना खात्री असते की आणखी दोन वर्षांत टीव्ही अडगळीत जाणार. गंमत म्हणजे दोघांचे प्रश्न बरेचसे सारखेच निघतात. तेच इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडनिडे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एआर म्हणजे नक्की काय? व्हीआर आणि एआरमध्ये माझा नेहमी गोंधळ होतो.

समोरचं जग तसंच ठेवून त्यात काहीतरी जास्तीचं दाखवलं की ती ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे एआर. समोरचं जग झाकून पूर्ण वेगळंच दाखवलं की ती व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे व्हीआर. सोपी कसोटी अशी: पायाजवळची खुर्ची दिसत असेल तर एआर, आणि तिला ठेचकाळून पडायची वेळ आली तर व्हीआर.

पण दृश्यावर नुसतं चित्र चिकटवलं म्हणून ते एआर होत नाही. टीव्हीच्या कोपऱ्यातलं वाहिनीचं बोधचिन्ह एआर नाही, कारण कॅमेरा कुठेही वळला तरी ते कोपऱ्यातच बसून असतं. तेच चिन्ह मैदानातल्या गवतावर रंगवल्यासारखं दिसलं, कॅमेरा पुढे सरकल्यावर मागे राहिलं आणि खेळाडू त्यावरून धावताना त्याच्या बुटांखाली गेलं, तर ते एआर. जागेला असं धरून राहण्याला मी इथे सगळीकडे ‘जुळणी’ म्हणणार आहे. ती जमली की लोकांना तंत्रज्ञान दिसतच नाही. बिघडली की तेवढंच दिसतं.

२. मग मिक्स्ड रिॲलिटी, एक्सआर, स्पेशियल कम्प्युटिंग हे काय आहे?

बहुतेक वेळा बाजारातल्या पाट्या. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये एक साधी कल्पना मांडली: एका टोकाला संपूर्ण खरं जग, दुसऱ्या टोकाला संपूर्ण आभासी, आणि मधला सगळा पट्टा मिश्र. एआर त्या पट्ट्यावर खऱ्या जगाच्या बाजूला बसतं. एक्सआर हे सगळ्यांना मिळून दिलेलं नाव आणि स्पेशियल कम्प्युटिंग हा ॲपलचा आवडता शब्द. खरेदी करताना नावावर जाऊ नका, नेमकं काय दिसतं ते विचारा.

३. हे सगळं गेल्या आठ-दहा वर्षांतलंच ना?

नाही. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा, म्हणजे आजच्या भाषेत हेडसेट, करून दाखवला होता. त्यातून खोली तर दिसायचीच, शिवाय नुसत्या रेषांनी काढलेल्या आकृत्या हवेत तरंगताना दिसायच्या. डोकं वळवलं की आकृतीची बाजू बदलायची. डोकं किती वळलं हे मोजायला छतापासून एक यांत्रिक दांडा खाली आलेला असायचा आणि त्याला नाव पडलं होतं ‘डॅमोक्लिसची तलवार’. डोक्यावर टांगत्या तलवारीखाली बसून करमणूक करून घ्यायची हौस तेव्हा फार जणांना नसावी.

‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हा शब्द १९९०च्या सुमारास बोइंगमधले टॉम कॉडेल यांनी वापरात आणला. विमानातल्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कामगारांना कुठली वायर कुठून न्यायची हे डोळ्यांसमोर दाखवता येईल का, असा त्यांचा विचार होता. करमणूक कुणाच्या मनातही नव्हती. रंगमंचावरची युक्ती याहूनही जुनी आहे, तिच्यासाठी प्रश्न १० पाहा.

४. मी हेडसेट घातलेला नाही, गेमही खेळत नाही. माझा या सगळ्याशी काय संबंध?

टीव्हीवर खेळ पाहत असाल तर बहुधा कित्येक वर्षं एआर पाहत आला आहात. यातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

१९९६ मध्ये अमेरिकेत टीव्हीवरच्या आइस हॉकीत चकतीभोवती निळसर तेजोवलय दाखवायला सुरुवात झाली. फटका जोरात असला की मागे लाल शेपूट निघायचं. बर्फावर ती काळी चकती पटकन सापडत नाही, म्हणून केलेला हा उपाय. नवख्यांना त्याची मदत झाली, पण जुने प्रेक्षक इतके वैतागले की दोन-तीन वर्षांत प्रकरण गुंडाळलं गेलं. चमचमाट इतका की खेळ बाजूला आणि लक्ष वलयाकडे.

त्याच कामातल्या काही मंडळींनी पुढे अमेरिकन फुटबॉलसाठी पिवळी रेघ केली. चेंडू कुठपर्यंत न्यायचा आहे ती मर्यादा दाखवणारी रेघ, २७ सप्टेंबर १९९८ रोजी पहिल्यांदा प्रक्षेपणात दिसली. मैदानावर प्रत्यक्षात काहीही नसतं, पण घरी बसून पाहणाऱ्याला ती गवतावर रंगवल्यासारखी दिसते. त्यासाठी कॅमेरा किती वळला, किती वर-खाली झाला, किती झूम केला हे सतत मोजावं लागतं. पाणी निचरावं म्हणून मैदान मध्यभागी किंचित फुगीर असतं, त्याचाही नकाशा आधी करून ठेवावा लागतो. आणि सगळ्यात सुंदर भाग रंगांचा: गवताच्या छटांवरच रेघ उमटू द्यायची, खेळाडूंच्या कपड्यांच्या आणि कातडीच्या रंगांवर नाही. म्हणून रेघ खेळाडूच्या अंगावरून न जाता त्याच्या खालून जाते. पाऊस पडून चिखल झाला किंवा बर्फ पडला की ही रंगांची यादी चालू सामन्यात बदलत बसावी लागते.

ही रेघ आजही आहे. जगात एआरचा सर्वात यशस्वी वापर कोणता असं मला कुणी विचारलं तर मी हिचंच नाव घेतो.

५. फोनमध्ये टेबलावर डायनोसॉर ठेवला, तो आपोआप सरकायला लागला. फोन बिघडला आहे का?

फोन ठीक आहे, गोंधळ टेबलाचा आहे.

फोनला टेबल ‘दिसत’ नाही. कॅमेऱ्याच्या चित्रात त्याला ठळक ठिपके हवे असतात: कडा, कोपरे, डाग, लाकडाच्या रेषा. फोन थोडा हलला की हे ठिपके चित्रात किती सरकले ते तो बघतो, आतल्या सेन्सरनी सांगितलेल्या हालचालीशी त्याचा मेळ घालतो आणि त्यावरून ‘इथे एक सपाट पृष्ठभाग असावा’ असा अंदाज बांधतो. हे काम सेकंदाला कित्येक वेळा चालू असतं. ॲपलने २०१७ मध्ये एआरकिट आणि गूगलने २०१८ मध्ये एआरकोर ही ॲप बनवणाऱ्यांसाठीची साधनं आणल्यावर ही सोय साध्या फोनवर आली.

माझ्याकडे एक पांढरं, चकचकीत मेज आहे. त्यावर ठेवलेला कुठलाही आभासी प्राणी पाच सेकंदांत बर्फावर उभा असल्यासारखा घसरत कडेकडे जायचा. धरायला ठिपकेच नाहीत, आणि जे सापडतात ते दिव्याचे प्रतिबिंब असतात, म्हणजे मी हललो की तेही हलतात. एकदा मेजावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. मथळे, फोटो, जाहिरातींच्या चौकटी. फोनला हवं ते सगळं एका पानावर. प्राणी जागचा हलेना. मी फेरी मारून त्याची शेपटी मागून बघून आलो.

तेव्हा उपाय सोपे: नक्षीचा किंवा छापील पृष्ठभाग घ्या, खोलीत भरपूर उजेड ठेवा, सुरुवातीला फोन सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. आरसा, काच आणि एकरंगी भिंत टाळा.

६. चांगलं एआर हवं तर लायडारवाला महाग फोन घ्यावा लागेल का?

फक्त करमणुकीसाठी असेल तर नको. लायडार प्रकाश सोडून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मोजतो. अंधुक खोलीत आणि एकरंगी भिंतीवर त्याचा फायदा होतो, सोफ्यामागे लपलेलं पात्र खरंच झाकलं जातं. पण चेहऱ्यावरचे फिल्टर आणि बहुतेक गेम त्याच्याविना नीट चालतात.

७. इतकी वर्षं झाली, तरी साध्या चष्म्यासारखा एआर चष्मा का मिळत नाही?

कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक अडचण भौतिकशास्त्राची आहे, नुसता पैसा ओतून सुटणारी नाही.

पारदर्शक काचेचा चष्मा फक्त प्रकाश वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. म्हणजे त्यात काळा रंग दाखवताच येत नाही. काळं म्हणजे प्रकाश नसणं, आणि तिथून मागचं जग आरपार दिसतं. काळं मांजर दाखवायला गेलात तर मांजराच्या आकाराची रिकामी जागा आणि त्यात दोन डोळे! उन्हात गेलं की उरलेले रंगही विरतात. शिवाय चित्र दिसतं ते समोरच्या एका छोट्या चौकटीत. मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या होलोलेन्स चष्म्यामध्ये ही चौकट तिरकी मोजली तर सुमारे ५२ अंशांची होती आणि आपल्याला आडवं दिसतं जवळपास २०० अंश. मान जरा वळवली की समोरचं पात्र कापलं जायचं.

दुसरा मार्ग म्हणजे डोळे पूर्ण झाकायचे आणि बाहेरचं जग कॅमेऱ्यातून आत दाखवायचं. २०२४ मध्ये आलेल्या ॲपल व्हिजन प्रो या हेडसेटने हेच केलं. यात काळा रंग काळाच दिसतो. पण कॅमेऱ्यापासून डोळ्यापर्यंत चित्र पोचायला उशीर चालत नाही. ॲपलने तो १२ मिलिसेकंदांवर आणला. त्या बदल्यात डोक्यावर ६०० ग्रॅमहून जास्त वजन, वायरने जोडलेली बॅटरी खिशात आणि ३,४९९ डॉलर किंमत.

गूगल ग्लास हा चष्मा २०१३ मध्ये, मॅजिक लीपचा २०१८ मध्ये आला आणि दोन्हींचा गाजावाजा त्यांच्या विक्रीपेक्षा मोठा ठरला. होलोलेन्सचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. सध्या बाजाराचा कल उलटा आहे: दिसायला नेहमीचा चष्मा, त्यात कॅमेरा, स्पीकर आणि असलाच तर कोपऱ्यात छोटासा पडदा. यातल्या बहुतेकांना प्रश्न १ मधल्या अर्थाने एआर म्हणता येणार नाही, पण लोक ते घालतात, आणि ते कमी नाही.

८. हेडसेट घातला की दहा मिनिटांत मळमळतं. सवयीने जातं का?

काहींचं जातं, काहींचं नाही. डोळे सांगतात ‘आपण पळतोय’, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘आपण बसलोय’. घाटात गाडीच्या मागच्या सीटवर वाचताना होतं त्याच्या अगदी उलट ही भानगड. डोकं हलल्यावर चित्र हलायला साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की त्रास आणखी वाढतो.

एकाच जागी बसून किंवा उभं राहून करायचे अनुभव आधी घ्या. गेममध्ये चालत जाण्याऐवजी एका ठिकाणाहून दुसरीकडे ‘उडी’ मारण्याची सोय असेल तर ती निवडा. भिंगांमधलं अंतर आपल्या बुबुळांमधल्या अंतराशी जुळवा. मोठ्यांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बरंच बदलतं. आणि मळमळ सुरू झाली की लगेच काढा. ‘आता होईल सवय’ म्हणून ताणत बसलात तर पुढच्या वेळी हेडसेट नुसता पाहूनही पोटात ढवळतं.

डोळ्यांचा शीण मात्र वेगळा. हेडसेटमध्ये वस्तू नाकाजवळ आल्यासारखी दिसली की दोन्ही डोळे आत वळतात, पण भिंगांमुळे फोकस ठेवावा लागतो एक-दोन मीटरवर. रोजच्या जगात या दोन क्रिया कायम जोडीने होतात, इथे त्यांची फारकत होते. जवळच्या वस्तू कमी, दूरची दृश्यं जास्त, असं काही निवडलं तर हा ताण कमी जाणवतो.

९. मुलांना कितव्या वर्षापासून द्यावं?

उत्पादकांची मर्यादा एकसारखी नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासाठी ती १३ वरून १० वर आणली, ॲपलने १३ ठेवली आहे. लहान मुलांची बुबुळं जवळ असतात, त्यामुळे मोठ्यांसाठी केलेली भिंगं त्यांना नीट जुळतही नाहीत. फोनवरच्या एआरला ही अडचण नाही. तिथे धोका वेगळा: मूल पडद्यात बघत मागे मागे चालत जातं.

१०. रंगमंचावर मृत गायकाचा ‘होलोग्राम’ येतो, तो कसा करतात?

तो होलोग्राम नसतो. खरी होलोग्राफी डेनिस गॅबोर यांनी १९४७ मध्ये शोधली, तिला १९७१ चं नोबेल मिळालं. प्रकाशाच्या लहरी नोंदवून ठेवण्याचं ते शास्त्र आहे. रंगमंचावर दिसतं ते बहुतेकदा ‘पेपरचं भूत’. १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी हा खेळ लोकांसमोर आणला. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. रंगमंचावर तिरकी काच उभी करायची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात प्रकाशात उभा असलेला नट, आणि त्याचं प्रतिबिंब काचेत. काच दिसत नाही, नट मात्र हवेत आरपार उभा.

रात्री खिडकीच्या काचेत खोलीतला दिवा बाहेरच्या झाडाला टांगल्यासारखा दिसतो ना? तेच हे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात १९९६ मध्ये वारलेला रॅपर टुपाक शकूर ‘अवतरला’ तेव्हा काचेच्या जागी ताणलेला पारदर्शक पडदा होता आणि नटाच्या जागी संगणकाने केलेली आकृती. बाकी दीडशे वर्षांपूर्वीचंच.

लंडनमधला आब्बा या स्वीडिश पॉप गटाचा कार्यक्रम हा आणखी वेगळा प्रकार. २७ मे २०२२ ला सुरू झालेल्या या प्रयोगासाठी तीन हजार प्रेक्षकांचं खास प्रेक्षागृह बांधलं. चारही कलाकारांनी पाच आठवडे सेन्सरचे कपडे घालून गाणी सादर केली, त्या हालचालींवर तरुणपणीचे चेहरे चढवले आणि ते प्रचंड एलईडी पडद्यावर आणले. वादकांचा ताफा मात्र जिवंत, रोज रंगमंचावर वाजवणारा. पडद्यावरचा प्रकाश आणि प्रेक्षागृहातले खरे दिवे इतके जुळवले आहेत की पडदा कुठे संपतो हे चटकन उमगत नाही. पुन्हा जुळणीच.

११. सिनेमात आता ग्रीन स्क्रीन संपला का?

संपलेला नाही, पण त्याला तगडा शेजारी मिळाला आहे. नटाच्या मागे हिरवं कापड लावून नंतर त्याजागी दृश्य बसवण्याऐवजी एलईडीची वळणदार भिंत उभी करायची आणि तिच्यावर दृश्य प्रत्यक्ष चालवायचं. २०१९ मध्ये आलेल्या ‘द मँडलोरियन’ मालिकेमुळे हे तंत्र नावारूपाला आलं. तिथली भिंत सुमारे २० फूट उंच आणि तिने घेरलेलं रिंगण ७५ फूट व्यासाचं होतं. चित्र चालवायला गेमसाठी बनवलेलं अनरिअल इंजिन हे सॉफ्टवेअर.

कॅमेरा हलला की भिंतीवरचं दृश्यही त्याच हिशेबाने सरकतं, त्यामुळे दूरचा डोंगर दूरच वाटतो. गंमत म्हणजे हा भास फक्त कॅमेऱ्यापुरता असतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला भिंतीवरचं चित्र वाकडंतिकडं आणि उगाच डुलणारं दिसतं. खरा फायदा उजेडाचा: नायकाच्या चकचकीत चिलखतात संध्याकाळ खरंच उतरते. हिरव्या कापडासमोर त्याच चिलखतात हिरवा रंग उतरायचा आणि तो पुसत बसावं लागायचं.

तोटा असा की मागचं दृश्य चित्रीकरणाच्या आधी तयार लागतं. ‘नंतर बघू’ म्हणायची सोय गेली. आणि कॅमेऱ्याचा फोकस चुकून भिंतीवर गेला तर एलईडीच्या ठिपक्यांच्या लाटा उमटतात.

१२. क्रिकेटमध्ये चेंडू यष्टीला लागणार होता हे जे दाखवतात, ते खरं की ग्राफिक?

अर्धं मोजलेलं, अर्धं वर्तवलेलं. पॅडला लागेपर्यंतचा मार्ग अनेक कॅमेऱ्यांनी प्रत्यक्ष टिपलेला असतो, त्यापुढचा गणिताने काढलेला. हे हॉक-आय तंत्र २००१ मध्ये पहिल्यांदा क्रिकेट प्रक्षेपणात आलं, तेही निव्वळ प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी. २००८ मध्ये निर्णय फेरतपासणीची चाचणी झाली आणि करमणुकीचं साधन पंचांच्या हातात गेलं.

‘अंपायर्स कॉल’वर चिडणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. चेंडू यष्टीला निम्म्याहून कमी लागताना दिसत असेल तर तो अंदाजाच्या चुकीच्या पट्ट्यात येतो, म्हणून पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. पडद्यावरची रेघ ठाम दिसते, पण मागचं गणित तितकं ठाम नसतं. फुटबॉलमध्ये २०२२ च्या विश्वचषकात ऑफसाइडसाठी १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा नोंद करत होता. तिथे भविष्य वर्तवायचं नसतं, घडलेला क्षण पकडायचा असतो.

१३. पोकेमॉन गो इतका चालला, मग तसे बाकीचे गेम का पडले?

कारण पोकेमॉन गो मुळात एआरवर चाललाच नाही. जुलै २०१६ मध्ये आलेल्या, खऱ्या रस्त्यांवर फिरून आभासी प्राणी पकडायच्या या खेळाची जाहिरात कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या प्राण्यांची होती, पण अनेक खेळाडू कॅमेरा बंदच ठेवतात: बॅटरी टिकते आणि नेमही बरा बसतो. लोकांना बाहेर काढलं ते नकाशाने, चालण्याने आणि वीस वर्षांपासून ओळखीच्या पात्रांनी. नक्कल करणाऱ्यांनी कॅमेरा उचलला आणि चालणं विसरले. त्यात २०२० मध्ये लोक घरात अडकले. माइनक्राफ्ट अर्थ २०१९ मध्ये आला आणि जून २०२१ मध्ये बंद झाला. २०१९ मध्येच आलेला हॅरी पॉटरचा गेम जानेवारी २०२२ मध्ये. पात्रं तिथेही कमी ओळखीची नव्हती, हे मात्र कबूल करावं लागेल.

१४. माझ्या दारात कुणी आभासी वस्तू ठेवली तर मी काय करू शकतो?

कायदा यावर अजून चाचपडतो आहे. वस्तू तुमच्या जमिनीवर नाही, कुणाच्या तरी सर्व्हरवर आहे. पण ती शोधायला येणारी माणसं तुमच्या फाटकापाशीच उभी राहतात. पोकेमॉन गोविरुद्ध अमेरिकेत असाच सामूहिक खटला झाला. २०१९ च्या तडजोडीत कंपनीने घरमालकांच्या तक्रारी १५ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करण्याचं मान्य केलं. २०१६ मध्ये नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मृतीसाठी असलेल्या वॉशिंग्टनमधल्या होलोकॉस्ट संग्रहालयाला ‘कृपया इथे खेळू नका’ असं सांगावं लागलं होतं. व्यवहारात पहिली पायरी म्हणजे ॲपमधूनच जागा काढून टाकण्याची विनंती करणं. नीट अक्षांश-रेखांश आणि फोटो दिले तर काम लवकर होतं.

१५. गेममध्ये झालेल्या मैफलीला मैफल म्हणायचं का?

एप्रिल २०२० मध्ये फोर्टनाइट या ऑनलाइन गेममध्ये रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा कार्यक्रम झाला, तेव्हा १ कोटी २० लाखांहून जास्त लोक एकाच वेळी हजर होते. कार्यक्रम होता जेमतेम दहा मिनिटांचा, आणि गर्दीही एक नव्हती. खेळाडू वेगवेगळ्या सर्व्हरवर छोट्या छोट्या गटांत विभागलेले. शेजारचा माणूस बेसूर गातोय, त्याचा धक्का लागतोय, हे तिथे नसतं. मला तरी ती मैफल वाटली नाही. चांगली आतषबाजी वाटली.

याच्या उलट टोक लास वेगासचं स्फिअर. २०२३ मध्ये उघडलेल्या या गोलाकार प्रेक्षागृहात आतला सगळा घुमट म्हणजे एकच प्रचंड एलईडी पडदा आहे. डोक्यावर काही घालायचं नाही, तरी भोवतालचं जग बदलतं, आणि ते हजारो लोक एकत्र पाहतात. प्रश्न ७ मधल्या सगळ्या अडचणींना इमारत बांधून दिलेलं हे उत्तर आहे. खर्चिक, पण मळमळ सोडली तर बाकीचे त्रास टळतात.

१६. कलाकाराचा चेहरा एकदा स्कॅन केला की कंपनी तो कायम वापरू शकते का?

करारात काय लिहिलं आहे त्यावर सगळं अवलंबून, आणि याच मुद्द्यावर मोठं भांडण झालं. हॉलिवूडच्या नटांचा २०२३ चा संप ११८ दिवस चालला, त्यात डिजिटल प्रतिकृतीचा मुद्दा अग्रभागी होता. गर्दीत उभ्या राहणाऱ्या नटांना धास्ती होती की एक दिवसाच्या मजुरीत स्कॅन करून घेतील आणि पुन्हा कधी बोलावणारच नाहीत. तडजोडीत प्रतिकृतीसाठी स्पष्ट संमती आणि मोबदला यांची कलमं आली. तुम्ही हौशी कलाकार असाल आणि कुणी ‘फक्त एक स्कॅन’ म्हणून बोलावलं, तर तीन गोष्टी कागदावर मागा: कोणत्या कामासाठी, किती काळासाठी, आणि ते वापरून दुसऱ्या सॉफ्टवेअरला शिकवणार का.

१७. हेडसेटला माझ्याबद्दल काय काय कळतं?

खोलीचा आराखडा, हातांच्या हालचाली, उंची, काहींमध्ये नजर कुठे जाते तेही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की ५११ जणांमधला माणूस डोक्याच्या आणि हातांच्या पाच मिनिटांहून कमी नोंदींवरून सुमारे ९५ टक्के वेळा ओळखता येतो. नाव काढून टाकलं तरी चाल ओळखू येते. नजरेची माहिती तर याहून नाजूक, कारण कशाकडे किती वेळ पाहिलं हे माणूस ठरवून लपवू शकत नाही. व्हिजन प्रोमध्ये चिमटीने निवड करेपर्यंत नजर कुठे होती हे ॲपला सांगितलं जात नाही. ही चांगली सोय आहे. घेताना दुसऱ्या उपकरणांतही तशी आहे का ते विचारा.

१८. ऐकू न येणाऱ्यांना याचा काही उपयोग आहे का?

आहे, आणि यावर जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१८ मध्ये नाटक पाहताना घालायचे चष्मे दिले. संवाद थेट काचेवर उमटतात, अक्षरांचा आकार, रंग आणि जागा प्रेक्षकाने ठरवायची. त्याआधी रंगमंचाच्या कडेला अक्षरपाटी असायची. तिच्याकडे बघावं तर नटाचा चेहरा निसटायचा, आणि ठरावीक प्रयोगांनाच ती लावलेली असायची.

१९. मी हौसेने बनवलेले फिल्टर एका दिवसात गायब झाले. परत मिळतील का?

बहुधा नाही. मेटाने इतरांनी बनवलेले एआर इफेक्ट जानेवारी २०२५ मध्ये बंद केले आणि कित्येकांचं वर्षांचं काम त्यासोबत गेलं. मूळ त्रिमितीय आकृत्या, चित्रं आणि आवाज हे साध्या, कुठेही उघडतील अशा फाइलींत स्वतःकडे ठेवा. फिल्टर चालू असतानाचा व्हिडिओही काढून ठेवा. पाच वर्षांनी ‘मी हे केलं होतं’ हे दाखवायला तेवढाच उरतो.

२०. घरातल्या वयस्कर माणसांना पहिल्यांदा हेडसेट दाखवायचा आहे. काय दाखवू?

आधी खुर्ची बघा. चाकं नसलेली, हात टेकायला जागा असलेली. भोवती हातभर मोकळी जागा. हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर किंवा फोनवर आणून ठेवा, नाहीतर ते ‘हे काय आलं?’ विचारतील आणि तुम्हाला काय दिसतंय ते कळणार नाही. पहिल्यांदा रोलर कोस्टर किंवा शार्क नको, त्यात फक्त बघणाऱ्यांची करमणूक होते. एका जागी उभं राहून चित्रित केलेलं समुद्राचं, डोंगराचं किंवा जुन्या शहराचं दृश्य लावा. हातात कंट्रोलर देऊ नका. कुठलं बटण दाबायचं या चिंतेत ते वर बघायचेच नाहीत. मान वळवली तर मागेही दिसतं हे सांगा, बहुतेक जण सिनेमा बघितल्यासारखे ताठ समोर बघत बसतात.

दहा मिनिटं पुरे. काढताना आधी मागचा पट्टा सैल करा आणि हेडसेट पुढे ओढून मगच वर उचला, नाहीतर आतला चष्मा सोबत निघून येतो.